एका शहरातल्या तीन बंद्या: एडन, क़ात आणि पुरुषांची दुपार

मे २०१६मध्ये येमेनमधल्या एडन शहराच्या प्रशासनानं एक आदेश काढला. क़ात, म्हणजे चघळली की तरतरी आणणारी एका झुडपाची कोवळी पानं, विकायची ती फक्त गुरुवारी आणि शुक्रवारी. बाकी दिवस क़ातच्या गाड्या शहरात येऊ द्यायच्या नाहीत. हुथी बंडखोरांना हुसकावून शहर मोकळं झालं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाँबहल्ले चालू होते, नाक्यानाक्यावर बंदूकधारी तरुण उभे होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा एक गाल दुपारनंतर फुगलेला असे. सुरक्षा आणि शिस्त हे कारण आदेशामागे होतं, आणि ते खोटं नव्हतं.

पण एडनला अशी बंदी नवी नव्हती. १९५७ साली इंग्रज वसाहत सरकारनं एकदा घातली होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण येमेनच्या समाजवादी सरकारनं दुसऱ्यांदा घातली. २०१६ची तिसरी. पहिली जेमतेम वर्षभर टिकली, दुसरी दहा वर्षांहून जास्त, आणि तिसरी बघता बघता सैल पडली. शहर तेच, पान तेच, मग निकाल इतके वेगळे का? उत्तर पानात शोधून सापडत नाही. ते पुरुषांच्या दुपारमध्ये शोधावं लागतं.

आधी नावाचा खुलासा. अरबी उच्चार ‘क़ात’. मराठीत नुक्ता काढला तर पानातला कात डोळ्यांपुढे येतो, आणि इंग्रजी वळणानं ‘खात’ लिहिलं तर ते क्रियापद वाचलं जातं. या झुडपाचा ना विड्याच्या पानाशी संबंध, ना काताशी. म्हणून इथं सगळीकडे ‘क़ात’ असंच लिहितो.

एडन मराठी माणसाला परकं नाही. १८३९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं ते जिंकलं आणि पुढे १९३२पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. वासुदेव बळवंत फडक्यांना ठेवलं होतं ते एडनच्याच तुरुंगात, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. क़ातचा धागासुद्धा एकदा मुंबईला येऊन गेलेला आहे. या झुडपाला ‘काथा एड्युलिस’ हे शास्त्रीय नाव देणारा पीटर फोर्स्कोल १७६३मध्ये येमेनमध्येच वारला. त्याच्या मोहिमेतला जिवंत परत गेलेला एकटा माणूस कार्स्टन नीबूर. तो येमेनहून मुंबईला आला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रं त्यानं काढली, आणि पुढे फोर्स्कोलच्या वनस्पतींच्या नोंदी १७७५मध्ये त्यानंच छापून आणल्या.

दुपार

क़ात एडनमध्ये उगवत नाही. तिला डोंगराची थंड हवा लागते. तइझजवळचा सबिर पर्वत, इब, अद-दालिअ, याफ़िअ हे तिचे मुलूख. समुद्रकाठचं एडन म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीतलं तापलेलं बंदर. पहाटे खुडलेली कोवळी डहाळी दुपारी एडनच्या बाजारात पोचलीच पाहिजे, कारण या पानातलं मुख्य द्रव्य, कॅथिनोन, पान सुकू लागलं की मोडून सौम्य होत जातं. दोन दिवसांपूर्वीच्या क़ातला गिऱ्हाईक नसतं. रोजची क़ात रोज आणायची, रोज विकायची, रोज संपवायची. तंबाखूसारखी पुडी खिशात ठेवून जमत नाही. सगळ्यांना एकाच वेळी बाजारात आणून उभं करण्याचं काम हे पान स्वतःच करतं, आणि तिच्या सामाजिकपणाची पहिली गाठ इथं बसते.

दुपारचं जेवण भरपेट करायचं, कारण नंतर भूक मरते. मग बाजार. मुक़व्वित म्हणजे क़ात विकणारा. त्याच्यापुढे जुड्या उलटसुलट करून पाहणं, कोवळेपणा तपासणं, घासाघीस करणं यात अर्धा तास सहज जातो. मग कुणाच्या तरी घरच्या बैठकीच्या खोलीत जमायचं. एडनमध्ये या खोलीला आणि बैठकीलाही ‘मबरज’ म्हणतात, वर उत्तरेच्या राजधानीत, सनआकडे ‘मक़यल’. जमिनीवर गाद्या, टेकायला लोड, पाण्याच्या बाटल्या, हुक्का. यजमान एवढं पुरवतो. क़ात मात्र ज्याची त्यानं आणायची. कोवळं पान खुडून तोंडात टाकायचं, चावून रस गिळायचा आणि चोथा गालात साठवत जायचा. क्रियेला नावही ‘तखज़ीन’, म्हणजे साठवण. तीन-चार तास हे चालतं.

पहिल्या तासा-दीड तासात माणसं खुलतात. भाव, राजकारण, लग्नं, जमिनीचे तंटे, कुणाचा मुलगा सौदीत काय कमावतो, सगळं निघतं. संध्याकाळ झाली की आवाज हळूहळू बसतो. या वेळेला येमेनी लोक ‘सुलेमानी घटका’ म्हणतात. प्रत्येक जण आपल्यात बुडालेला, कुणी बोलत नाही, आणि कुणाला ते खटकतही नाही. मग चोथा थुंकून माणसं घरी जातात. रात्री झोप लागत नाही, सकाळी चिडचिड होते, आणि दुपारची वाट पाहणं सुरू होतं.

मबरजमध्ये न चघळणाऱ्याला कुणी हाकलून देत नाही. पण तो त्या खोलीत पाहुणा होतो. इतरांची रंगत चढते तसा तो बाजूला पडतो आणि दोन-चार दिवसांत येणं बंद करतो. येणं बंद झालं की लग्नाची बोलणी, नोकरीची खबर, उसनवारी, मध्यस्थी यांतूनही तो बाहेर पडतो. एडनच्या पुरुषाला क़ात सोडण्याची जी किंमत द्यावी लागते, तिचा मोठा भाग हा असतो. वैद्यकीय भाषेत क़ातचं अवलंबित्व अफू-दारूच्या तुलनेत सौम्य मानतात. तरीही ती सुटत नाही ती यामुळं.

पहिली बंदी

१९५०च्या दशकातलं एडन जगातल्या अतिशय गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं. जहाजं कोळसा-तेल भरायला थांबत. लिटल एडनला १९५४मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. काम भरपूर होतं आणि कामाला माणसं येत ती उत्तरेच्या डोंगराळ भागातून, बायकामुलांना गावी ठेवून. मुंबईच्या गिरणगावात कोकणी-घाटी माणूस जसा खोलीत गाववाल्यांसोबत राहिला, तसाच हा जबली, म्हणजे डोंगरी माणूस, शेख उस्मान आणि मुअल्लाच्या वस्त्यांत राहिला. गाववाल्यांचे संघ निघाले, पाठोपाठ कामगार संघटना आल्या. या सगळ्याला बसायला जागा होती ती मबरजची. गावाकडची खबर तिथं मिळे, गावी पैसे कुणाबरोबर पाठवायचे ते तिथं ठरे. घरी जेवायला वाढणारं कुणी नसलेल्या माणसाची संध्याकाळही तिथंच सरे.

क़ात येई दोन वाटांनी. एक तइझच्या बाजूनं रस्त्यानं. दुसरी इथियोपियातून: हरारच्या डोंगरातली क़ात दिरे दावाहून विमानानं एडनला उतरे. मजुरीचा पैसा रोज दुपारी पानात जातो, पोरं उपाशी राहतात, वसाहतीचा पैसा बाहेर जातो, अशी ओरड झाली. ती रास्तच होती. १९५७मध्ये सरकारनं आयात आणि विक्री बंद केली.

वसाहत लहान होती. शेख उस्मानच्या पलीकडे थोडं गेलं की लाहेजच्या सुलतानाची हद्द लागे, आणि तिथं बंदी नव्हती. माणसं गाड्या भरभरून हद्दीपलीकडे जाऊन चघळू लागली. ज्या पैशांसाठी बंदी घातली ते पैसे तर गेलेच, वर भाडं गेलं. सरकारचं क़ातवरचं उत्पन्न बुडालं. चौकशी आयोग बसला, आणि १९५८मध्ये बंदी उठली.

या घटनेकडे नेहमी ‘बंदी पाळली गेली नाही’ म्हणून बघतात. मला ती वेगळी दिसते. तापल्या दुपारी काम टाकून, पदरचं भाडं खर्चून माणूस हद्दीपलीकडे जातो तो तिथं एकटा बसून पान चघळत नाही. अख्खी बैठक उठून गेली होती. सरकारला पान दिसलं, बैठक दिसली नाही.

दुसरी बंदी

३० नोव्हेंबर १९६७ला इंग्रज गेले. त्याच वर्षी सुएझ कालवा बंद पडला आणि एडन बंदराचं कंबरडं मोडलं. पुढे समाजवादी सरकार आलं. त्यानं पानाला सरसकट हात लावला नाही. आठवड्याची सुट्टी आणि सणवार या दिवशी क़ात चालेल, इतर दिवशी नाही, असा कायदा केला. पूर्वेच्या हद्रामौत आणि महरा या प्रांतांत, जिथं ही सवय मुळात रुजलेलीच नव्हती, तिथं मात्र पूर्ण बंदी.

हा कायदा टिकला. दंडुक्याचं राज्य होतं म्हणून टिकला, हे खरंच. उत्तर येमेन तेव्हा वेगळा देश होता आणि त्याची सीमा बंदिस्त होती, पुरवठा सरकारच्या हातात होता. पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. त्या वर्षांत एडनच्या माणसाला सकाळी जायला नोकरी होती, पगार ठरलेला होता. १९७४च्या कुटुंब कायद्यानंतर बायका शाळांत, कार्यालयांत, कारखान्यांत मोठ्या संख्येनं दिसू लागल्या होत्या. संध्याकाळी सिनेमा होता, क्लब होते, शहरात बिअरचा कारखानासुद्धा होता. पुरुषाच्या दिवसाला क़ातखेरीज दुसरे खांब होते. आणि कायद्यानं मबरज मोडला नाही, त्याला गुरुवार-शुक्रवार दिला. माणसाला बैठकीपासून तोडायचं नाही, फक्त ती रोजची न ठेवता आठवड्याची करायची. हे कुणी विचारपूर्वक केलं की ओघात झालं, कोण जाणे. परिणाम मात्र चांगला झाला.

२२ मे १९९०ला दोन येमेन एक झाले आणि हा कायदा विरला. उत्तरेत क़ातवर असं बंधन नव्हतं. तिथं १९७२मध्ये पंतप्रधान मुहसिन अल-ऐनी यांनी सरकारी नोकरांच्या चघळण्याविरुद्ध मोहीम उघडली होती. वर्ष संपायच्या आत त्यांचं पद गेलं. एकीकरणानंतर क़ातच्या गाड्या सरळ एडनला येऊ लागल्या आणि पुढे हद्रामौतच्या मुकल्ला बंदरापर्यंत गेल्या. हद्रामौतमध्ये ती पोचवली उत्तरेच्या सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी, असं तिथले लोक आजही रागानं सांगतात. झुडूप हजारो वर्षांपासून आहे, पण एखाद्या गावात ते शिरतं तेव्हा शासन, सैन्य, रस्ता यांच्यामागून शिरतं.

रिकामे हात

१९९० हे वर्ष दुसऱ्या अंगानंही वाईट निघालं. इराकनं कुवेत घेतलं, येमेननं आखाती देशांच्या मनासारखी भूमिका घेतली नाही, आणि सौदीतून आठ लाखांच्या आसपास येमेनी कामगार परत धाडले गेले. मग १९९४चं यादवी युद्ध. दक्षिण हरली, आणि दक्षिणेच्या सैन्यातले, पोलिसांतले, सरकारी खात्यांतले हजारो पुरुष सक्तीनं घरी बसवले गेले. चाळिशी-पन्नाशीचे, शिकलेले, कालपर्यंत हुकूम सोडणारे. २००७मध्ये दक्षिणेत जी चळवळ उभी राहिली तिची सुरुवात याच निवृत्त केलेल्या अधिकाऱ्यांनी केली.

या माणसाच्या दिवसाचा विचार करून पाहा. सकाळी उठून कुठं जायचं नाही. घरात बसलं तर बायको-मुलांच्या पायांत येतो. पेन्शन तुटपुंजी. पण दुपारी दोन वाजता मबरजमध्ये तो अजून ‘कर्नल’ असतो. बसण्याच्या जागेलाही तिथं मान असतो, थोरांना आत, दुय्यमांना दाराकडे. त्याच्यासाठी लोक सरकून जागा करतात. त्याचं म्हणणं ऐकून घेतात. त्यासाठी रोज एक जुडी विकत घ्यावी लागते, आणि तीही बरी दिसणारी, कारण गादीवर पसरलेली जुडी सगळ्यांना दिसते. हलकी क़ात आणणं म्हणजे परिस्थिती उघडी पाडणं. घरात डाळीला पैसे नसताना माणूस महागातली जुडी का घेतो, याचं उत्तर बेजबाबदारपणा एवढंच देऊन मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. तो अब्रू विकत घेत असतो. आणि तिची किंमत त्याची बायको आणि मुलं भरतात, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एकत्र धरल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही.

पैशाचं प्रमाण लहान नाही. जागतिक बँकेच्या २००७च्या अहवालात ७२ टक्के पुरुषांनी आणि ३३ टक्के स्त्रियांनी क़ात चघळत असल्याचं सांगितलं होतं. घराच्या मिळकतीतला सुमारे दहावा हिस्सा तिच्यावर जात होता. काम करणाऱ्या दर सात माणसांमागे एकाची भाकरी या धंद्यात होती: शेतकरी, खुडणारे, जुड्या बांधणारे, चालक, मुक़व्वित. येमेनच्या शेतीला लागणाऱ्या पाण्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी या एका झुडपाला जातं, आणि येमेन तर पाण्याच्या बाबतीत जगातल्या सर्वांत कोरड्या देशांतला एक. शेतकऱ्याचंही चुकतं असं म्हणता येत नाही. कॉफीला किंवा द्राक्षाला वर्षातून एकदा पैसा, क़ातला पाणी दिलं की पुन्हा पालवी आणि पुन्हा रोख.

क़ात भाषेत किती मुरली आहे त्याचा एक नमुना. येमेनमध्ये कार्यालयात काम अडलं की कारकुनाच्या हातात जे ठेवतात त्याला ‘हक़्क़ अल-क़ात’ म्हणतात, क़ातचे पैसे. आपल्याकडच्या ‘चहापाण्या’चाच हा भाऊ. आपल्याकडे लाच चहाच्या नावानं मागतात कारण चहाला कुणी नाही म्हणत नाही. तिथं क़ातला तीच सोय आहे. रोज दुपारी प्रत्येकाला ती लागणारच हे गृहीत धरलेलं आहे, आणि जे गृहीत धरलं त्याला समाजानं आधीच मान्यता दिलेली असते.

धर्माचाही इथं हातभार आहे. दारू निषिद्ध, क़ातबद्दल मात्र एकमत नाही. १६व्या शतकात येमेनी लोकांनी मक्केतले विद्वान इब्न हजर अल-हैतमी यांना हा प्रश्न घातला होता. त्यांनी टाळावी असा सल्ला दिला, पण थेट हराम ठरवली नाही. तेवढी फट पुरली. दारू पिणारा लपतो. क़ात चघळणारा वडिलांसमोर, मुलासमोर, काज़ीसमोर चघळतो. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा बापाशेजारी बसून पहिलं पान तोंडात टाकतो तेव्हा आपण बिघडलो असं त्याला वाटत नाही, आपण पुरुषांत आलो असं वाटतं.

तब्येतीचं थोडक्यात सांगतो, कारण माझा विषय तो नाही. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, हृदयविकाराच्या झटक्याशी तिचा संबंध संशोधकांनी दाखवला आहे; हिरड्या बिघडतात, बद्धकोष्ठ जडतं, झोप जाते, बैठकीत सिगारेटी दुप्पट ओढल्या जातात, आणि फवारलेली औषधं धुतल्याविना पोटात जातात. एडनच्या पुरुषांना हे माहीत नाही असं मुळीच नाही. माहितीचा तुटवडा हे इथलं कारण नाही, म्हणून माहितीपत्रकांनी काही होत नाही.

तिसरी बंदी, पुन्हा

आता २०१६च्या आदेशाकडे परत येऊ. नियम बघितला तर तो जवळपास समाजवादी काळातलाच: गुरुवार-शुक्रवार मोकळे, बाकी बंद. त्या काळाची आठवण असलेल्या अनेक एडनवासीयांनी त्याचं स्वागतही केलं. शहर पूर्वी आठवड्यातून दोनच दिवस चघळायचं, ही त्यांच्या लेखी चांगल्या दिवसांची खूण होती.

पण आदेशाच्या आजूबाजूचं सगळं बदललेलं होतं. पगार थकत होते. कार्यालयं फुटलेली, कारखाने बंद. बिअरचा कारखाना १९९४च्या युद्धातच उद्ध्वस्त झालेला. नाक्यांवर वेगवेगळ्या गटांची माणसं होती, आणि रात्रभर पहारा देणाऱ्या त्या तरुणांना जागं राहायला क़ातच लागत होती. ज्यांनी गाड्या अडवायच्या तेच पहिले गिऱ्हाईक. युद्धाच्या आघाड्या ओलांडून औषधं, धान्य अडकून पडत होतं. क़ातची गाडी मात्र बहुतेक वेळा दुपारपर्यंत पोचत होती, कारण ती पोचण्यात दोन्ही बाजूंचा पैसा होता आणि दोन्ही बाजूंची दुपार होती.

त्या उन्हाळ्यात एडनमध्ये वीज तासन् तास जात होती. लोक रस्त्यावर उतरून टायर जाळत होते. चाळीस अंशांच्या आसपास तापलेल्या खोलीत पंखा बंद, नोकरी नाही, सिनेमागृहांना टाळं, समुद्रकिनारी संध्याकाळनंतर थांबायची भीती. अशा माणसाला आदेशानं सांगितलं की शनिवार ते बुधवार क़ात नाही. त्या पाच दुपारी त्यानं कुठं बसायचं, कुणाशी बोलायचं, आपण कोण होतो आणि कोण आहोत हे कुणाला सांगायचं, याची आदेशात एक ओळही नव्हती.

समाजवादी काळात हा नियम पाळला गेला तेव्हा त्याच्या पाठीशी नोकरीचा पगार, संध्याकाळचा क्लब आणि कामावर जाणारी बायको होती. २०१६मध्ये नियम तेवढा परत आणला, आणि आठवडे उलटले तशी मधल्या वारांनाही याफ़िअ आणि दालिअच्या रस्त्यानं हिरव्या जुड्यांच्या गाड्या शेख उस्मानच्या बाजारात उतरू लागल्या.